ऑनलाइन मोडी वर्ग, तिसरी तुकडी: प्रकल्प नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकवणाऱ्या आमच्या वर्गाच्या दुसऱ्या तुकडीचा हिशेब एकदाचा मांडला. नाव नोंदवलेले ५८, शेवटचा कागद वाचून दाखवलेले ९. पहिल्या तुकडीत ४६ पैकी ७ होते, तेव्हा ‘सुरुवातच आहे’ म्हणून आम्ही स्वतःची समजूत घातली होती. आता ती सोय नाही.

शिकवणाऱ्या सरांना जरा धीर मिळावा म्हणून मी एक आकडा शोधून ठेवला होता. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर चालवलेल्या अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासणारा लेख २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आला होता. त्यात २०१७-१८ साली अभ्यासक्रम पुरा करणारे निघाले ३.१३ टक्के. सर म्हणाले, “म्हणजे आपण हार्वर्डच्या पाचपट.” मग चष्मा काढून उगाच पुसत बसले. गळालेल्या ४९ मधले तीन-चार ‘हात’ फार चांगले होते म्हणाले. सरांच्या भाषेत विद्यार्थी नसतो, हात असतो. अख्खी नोकरी दफ्तरातल्या रुमालांत, म्हणजे जुन्या कागदांच्या कापडी गाठोड्यांत गेली, त्यांना माणूस आधी अक्षरावरून कळतो.

ठरलं ते असं: जुलैच्या मध्यापर्यंत नवी तुकडी घ्यायची नाही. आधी गळती कुठे आहे ते शोधायचं.

९ जून, सोमवार

चार संध्याकाळी बसून ३१ जणांना फोन केले. २२ जण बोलले. मला वाटलं होतं, ‘मोडी अवघड आहे’, ‘वेळ नाही’, ‘नेट नीट नाही’ ही तीन उत्तरं मिळतील. मिळालीच. पण पहिली दोन मिनिटं ती, आणि मग खरं.

डोंबिवलीच्या ताईंचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते: “मी सातव्या धड्याचा गृहपाठ टाकला होता. तीन पानं कित्ता गिरवला होता, बोरूने. दोन आठवडे वाट बघितली. मग म्हटलं, आपण लिहिलं काय आणि नाही लिहिलं काय.” फोन ठेवल्यावर मूडल (आमचा वर्ग ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) उघडून बघितलं. फाइल तिथेच होती. ‘सादर केले’ अशी हिरवी पट्टी, आणि खाली ‘तपासले नाही’. तपासायचं काम माझं होतं.

विरारचे एक काका म्हणाले, “मी थांबलो हे कुणाला कळलंच नाही हो. तुमचा फोन आज आला, मी थांबलो फेब्रुवारीत.”

२२ पैकी १४ जण, शब्द वेगवेगळे असले तरी, हेच सांगत होते. धडे बरे होते. सरही बरे होते. पण आपण गेलो काय, राहिलो काय, दुसऱ्या टोकाला काही हलत नव्हतं.

१४ जून, शनिवार

वर्ग चालवणाऱ्या आमच्या मंडळाची बैठक, दादर. माझी सूचना: साइटवर चर्चेचा फळा, प्रत्येक कृतीला गुण, गुणांवर बिल्ले. ‘कारकून’, मग ‘चिटणीस’, मग ‘फडणीस’. जुन्या तुकडीतले २० जण तयार आहेत, त्यांच्यावर दहा दिवस करून बघू. सरांनी विचारलं, “बिल्ला मिळाल्यावर वाचता येईल का?” सगळे हसले. मीही हसले, आणि सूचना मंजूर करून घेतली.

२४ जून, मंगळवार

दहा दिवसांत फळ्यावर ४१ नोंदी. त्यातल्या ३३ माझ्या. उरलेल्या आठांपैकी पाच ‘धन्यवाद ताई’. गुणांत पहिला नंबर नालासोपाऱ्याच्या एका काकांचा, ते पार ‘फडणीस’ झाले. कसे, ते बघितलं. प्रत्येक नोंदीखालचं ‘आवडलं’ रोज सकाळी चहाबरोबर दाबून टाकायचे. अक्षर एकही लिहिलेलं नाही. राग आला नाही, मी जे मोजलं ते त्यांनी मला दिलं.

बिल्ले बंद. चर्चेचा फळाही बंद. ‘बोला, बोला’ म्हटल्याने लोक बोलत नाहीत, आणि मोडी शिकताना बोलण्यासारखं तरी काय असतं सुरुवातीला? ‘आज क गिरवला’. पुढे?

२८ जून, शनिवार, रात्र

हे सविस्तर लिहिते, कारण सगळं इथूनच उलटलं.

आमच्या ऑफिसातला एक सहकारी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढला. बोलता बोलता म्हणाला, “तू काय अभ्यासाचं डोकं लावतेस, चल तुला आमचं विद्यापीठ दाखवतो.” रात्री दहाला वरळीच्या अभ्यास गल्लीत नेलं. मुंबईत जन्म गेला, नाव ऐकलं होतं, पाय कधी लागला नव्हता. १६० चौरस फुटांच्या खोलीत सात-आठ माणसं, टीव्ही, पाहुणे, तान्हं मूल. त्यामुळे चाळीतली मुलं वह्या घेऊन या रस्त्यावर दिव्यांखाली येऊन बसायची. पिढ्यान्‌पिढ्या. अजून येतात.

पाऊस थांबला होता, पण झाडं ठिबकत होती. एक मुलगा वर्तमानपत्र अंथरून त्यावर लेखापरीक्षणाचं पुस्तक. दोन मुली येरझाऱ्या घालत पाठ करत होत्या, ओठ हलत होते, आवाज नाही. एक जण प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर फळी. मी पाऊण तास उभी होते. कुणी कुणाशी एक वाक्य बोललं नाही. एकाने दुसऱ्याकडे हात केला, त्याने खोडरबर दिलं, झालं.

सहकाऱ्याला विचारलं, की आता घरी जागा असलेली मुलंही येतात म्हणतोस, ती का? तो म्हणाला, “घरी झोप येते. इथे समोरचा वाचत असतो ना.”

समोरचा वाचत असतो. आम्ही ऑनलाइन वर्गात गप्पांची सोय करत बसलो होतो. कमी होती सोबतीची.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

उपास, साबुदाणा, आणि दिवसभर टीव्हीवर पंढरपूर. आई दरवर्षीप्रमाणे रडली.

डोक्यात दिंडी. लाखो माणसं चालतात, पण कुणी ‘लाखात’ चालत नाही. प्रत्येक जण आपल्या दिंडीत असतो, दिंडीला नंबर असतो, रथापुढे की रथामागे ते ठरलेलं असतं. मागे राहिलेला माणूस पालखीला कळत नाही, दिंडीला कळतो. आणि मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड वर केला की सगळं चिडीचूप होतं, आणि काय हरवलं, काय सापडलं ते पुकारलं जातं.

रात्री सरांना फोन केला. तिसऱ्या तुकडीचा आराखडा तिथल्या तिथे ठरला:

पाच-पाच जणांचे गट. सर म्हणाले, गट कसले, ‘फड’ म्हणा, पेशव्यांचा सगळा कागद फडात तयार व्हायचा. प्रत्येक फडाला आठवड्याचा फडणीस, पाळीपाळीने. दर रविवारी फडणीस ‘हरवलं-सापडलं’ पुकारणार: कोण दिसलं नाही, कुणाला काय सापडलं. आणि रोज रात्री, वरळीसारखी, एक ऑनलाइन गल्ली.

पाचच का? रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ साली छापलं. दोराला माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. ५८ जणांच्या दोरावर आम्ही कुणाकडून काय मागत होतो!

१२ जुलै, शनिवार

तुकडी सुरू. ४० जण, आठ फड. पाच-सहा जण कुणबी नोंदींसाठी आलेत. २०२३ पासून जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम मान आला. काहींच्या घरी आजोबांच्या पेटीतले कागद आहेत. काही नुसते हौशी. एक आजी चेंबूरच्या, वय ८१, ज्यांच्या वडिलांची पत्रं मोडीत होती आणि लहानपणी त्यांनी ती खांद्यावरून बघितली होती.

फड पाडताना मोठा खल झाला. सरांना तयारीप्रमाणे हवे होते, मला वेळेप्रमाणे. वेळ जिंकली. दुपारी अडीचला मोकळ्या होणाऱ्या पाच जणी एका फडात. रात्री साडेदहानंतरच घरी पोचणारे विरार-वसईवाले एका फडात. ज्यांचा रिकामा वेळ एक, त्यांचीच गाठ पडते.

गल्लीचे नियम तीन. वेळ साडेनऊ. माइक बंद. कॅमेरा चालू, पण चेहऱ्यावर नाही, हातावर. दोन स्टीलचे डबे, त्यावर आडवी पट्टी, पट्टीवर फोन पालथा, खाली कागद. प्रत्येक चौकटीत एक हात आणि एक पान.

ही हाताची कल्पना माझी नाही, अडचणीतून आली. गेल्या तुकडीत बायका कॅमेरा लावायच्याच नाहीत. मागे स्वयंपाकघर, सासरे बनियनवर, वाळत घातलेले कपडे. कोण दाखवेल? हात दाखवायला कुणाची हरकत नाही.

झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी आपोआप बंद पडतं. ठरलं, तेवढीच गल्ली. घंटा वाजवायला माणूस नको.

१७ जुलै, गुरुवार

गल्लीत आज १९ हात. मोडी लिहिताना आधी शिरोरेघ, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग खाली अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. साडेनऊला एकदम १९ पानांवर १९ रेघा निघाल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मी उगाचच स्क्रीनशॉट काढला.

२३ जुलै, बुधवार

सरांशी भांडण. निमित्त ध्वनिचित्रफिती. त्यांची व्याख्यानं ५५ मिनिटांची. मी २०१४ चा एडएक्सचाच अभ्यास दाखवला: ६९ लाख वेळा लोकांनी चित्रफिती बघितल्या त्याच्या नोंदी, आणि निष्कर्ष असा की सहा मिनिटांच्या आतल्या फितीच नीट बघितल्या जातात. सर म्हणाले, “बाई, सहा मिनिटांत मी बोरू तासतो.”

तोडगा त्याच अभ्यासात सापडला. नुसत्या छापील पाट्या (स्लाइड) दाखवण्यापेक्षा हाताने लिहिताना दाखवलं की लोक जास्त वेळ टिकतात, असंही त्यात आहे. सर आता पाट्या वापरणार नाहीत. वर कॅमेरा, खाली त्यांचा हात, एका फितीत एकच वळण. बोरू तासण्याची फीत वेगळी. ती सहा मिनिटं चाळीस सेकंदांची झाली आणि सगळ्यांत जास्त बघितली गेली. सरांनी हे मला दोनदा ऐकवलं.

२ ऑगस्ट, शनिवार

आजचा वर्ग. आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला, म्हणून निगुतीने लिहिते.

हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक मझुर यांची रीत १९९१ पासूनची आहे. आधी प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं. बरोबर उत्तर देणारे ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असतील तर शिक्षकाने तोंड उघडायचं नाही. शेजाऱ्याला पटवायला सांगायचं, आणि पुन्हा मत घ्यायचं. सरांना सांगितलं तेव्हा म्हणाले, “यात नवीन काय? दफ्तरात एक शब्द अडला की आम्ही शेजारच्या टेबलावर नेत होतो. तो अडला की तिसऱ्याकडे.”

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. सरांनी मुद्दाम एक ओळ तयार करून लिहिली, देवनागरीत उतरवली तर अशी: दोनशेतेलीहूनदीली. प्रश्न: काय दिलं?

३४ जण हजर. ‘दोन शेते’ १५, ‘दोनशे काहीतरी’ १९. म्हणजे ४४ टक्के बरोबर, अगदी मझुरच्या पट्ट्यात. फडांना चार मिनिटं वेगवेगळ्या खोल्यांत सोडलं. मी एकेका खोलीत डोकावत होते. दुपारच्या फडात नुसता गलका. रात्रीच्या फडातला एक कॉलेजातला मुलगा छातीठोकपणे वाचत होता, “दोनशे, तेली, हून, दिली. हून म्हणजे होन! तेल्याला दोनशे होन दिले!” वसईचे काका म्हणाले, “अरे, मग शेवटी ‘दिले’ नको का? इथे वेलांटी आहे, मात्रा नाही.” मुलगा गप्प. मग म्हणाला, “तेली बाई असेल.” काका म्हणाले, “होन बाई नसतात.”

चेंबूरच्या आजींच्या खोलीत वेगळाच तर्क. “दोनशे ते, असं कागदात कुणी लिहीत नाही गं. दोनशे रुपये लिहितील, दोनशे होन लिहितील. पैशाच्या ठिकाणी ‘ते’ म्हणणारा कारकून दुसऱ्या दिवशी घरी जाईल.”

दुसऱ्यांदा मत: ३१ आणि ३. दोन शेते लिहून दिली. सर या चार मिनिटांत ओठ मिटून बसले होते. नंतर म्हणाले की नोकरीत मेमो मिळाला तेव्हाही एवढं गप्प राहिलो नव्हतो.

ती ओळ मी व्याख्यानात समजावली असती तर दीड मिनिट लागलं असतं, आणि कुणाला होन बाई नसतात हे लक्षात राहिलं नसतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. सरकारी सुट्टी जाहीर, हार्बर बंद. आमच्या इमारतीच्या आवारात पोटरीभर पाणी, काल संध्याकाळी सातला नेट गेलं, नऊला वीज. गल्ली उघडायची माझ्या खात्यावरून. फोनला एक दांडी रेंज. व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली, ‘आज गल्ली नाही’, ती रात्री दोनपर्यंत एकाच टिकवर अडकून राहिली.

सकाळी बघते तर गल्ली झाली होती. साडेनऊला लिंक उघडेना म्हणून दुपारच्या फडातल्या भांडुपच्या वहिनींनी स्वतःच्या खात्यावरून दुसरी काढली. २३ हात. दोघे कुर्ल्याला ऑफिसात अडकलेले, त्यांनी कॉन्फरन्सच्या टेबलावरून हजेरी लावली. मला कुणीतरी लिहिलं होतं, ‘ताई, तुम्ही दिसला नाहीत, सुखरूप ना?’

हरवलं-सापडलंमध्ये या आठवड्याला माझं नाव पुकारलं जाणार.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. ६ सप्टेंबरपर्यंत सुट्टी. कोकणात गेलेल्यांनी तिथून कागदांचे फोटो पाठवू नयेत असं बजावलं होतं, आजच दोन आले.

९ सप्टेंबर, मंगळवार

सुट्टीनंतर बहुतेक परतले. भीती होती त्यापेक्षा बरं.

आज कागदावरची तारीख. पेशवाईतल्या कागदावर साल अरबी शब्दांत असतं: ‘सन समान तिसैन मया व अलफ’. समान आठ, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार; सगळं मिळून ११९८, हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९७. पण जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे, कारण हे साल मृगापासून धरतात. शिवाय ‘छ’ लिहून चंद्राची तारीख, आणि महिना मुसलमानी: सफर, रजब, जिल्काद.

हे सगळं एकाने शिकायचं म्हटलं तर डोळे पांढरे होतात. म्हणून एलियट ॲरन्सन यांची रीत घेतली. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत काळी-गोरी मुलं नुकती एकत्र आली होती आणि वर्गात धुसफूस होती. ॲरन्सननी धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचं भागेना.

आमचे पाच तुकडे: एकाकडे एकं, दुसऱ्याकडे दहं, तिसऱ्याकडे शतक-सहस्र आणि बेरीज, चौथ्याकडे महिने, पाचव्याकडे ‘छ’ आणि बाकी संक्षेप. प्रत्येक फडाला एक कागद.

सहा फडांत झकास झालं. दहंवाल्या काकूंना आयुष्यात इतका भाव मिळाला नसेल, “काकू, खमसैन किती, खमसैन?” दोन फड मात्र ठप्प. एकात महिनेवाला आलाच नाही, तर चौघं तुकडा नसलेल्या कोड्यासमोर बसल्यासारखे बसून राहिले आणि चिडले. चूक माझी. वर्गात माणूस समोर असतो, ऑनलाइनमध्ये त्याची पाहुण्यांची वेळ होते, चार्जर सापडत नाही. पुढच्या वेळी एक तुकडा दोघांकडे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तिसऱ्या फडात बिनसलं. तिथे एक निवृत्त गृहस्थ आहेत, हात चांगला, पण दुसऱ्याने तोंड उघडलं की चूक काढतात. तीही सगळ्यांसमोर, आवाजी संदेशात, दोन-दोन मिनिटांची. फडातली एक मुलगी, नर्स आहे, रात्रपाळी सांभाळून येते, तिने मला लिहिलं: ‘ताई, मी फड सोडते. मला घरीही कुणी असं बोलत नाही.’

लहान गटाची ही दुसरी बाजू. ५८ जणांत एक कटकट्या माणूस खपून जातो, पाचात नाही.

गृहस्थांना फोन केला. आधी त्यांनी माझीही एक चूक काढली. मग म्हणाले, “अहो, मला वाटलं शिकवायचं म्हणजे हेच.” त्यांना एक काम दिलं: पुढचे दोन आठवडे चूक सांगायची नाही, फक्त विचारायचं, ‘तुम्ही हे अक्षर कशावरून ओळखलंत?’ मुलीला दुसऱ्या फडात हलवलं. तिने ‘परत आणू नका’ असं स्पष्ट सांगितलं, आणलं नाही. सगळ्यांचं सगळ्यांशी जमलंच पाहिजे असा काही दंडक नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

गृहपाठ तपासणी. डोंबिवलीच्या ताईंचा गृहपाठ अजून छातीवर आहे (त्या या तुकडीत पुन्हा आल्या, मी पायाच पडले फोनवर). ४० जणांचं सर आणि मी तपासू शकत नाही. मूडलमध्ये एकमेकांचं तपासण्याची ‘वर्कशॉप’ नावाची सोय आहे, ती लावली. निकष, टप्पे, मुदती, गुणांची वाटणी. तीन जणांना जमलं, त्यातली एक मी.

शेवटी साधंच केलं. मोडीला युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक यादीत) जागा २०१४ सालीच मिळाली, पण बहुतेकांच्या फोनवर अजून चौकोनच दिसतात, म्हणून टंकायचा प्रश्नच नव्हता. पानाचा फोटो फडाच्या व्हॉट्सॲपवर. दुसऱ्याने त्यावर बोटाने दोन गोल करायचे: हिरवा, जे अक्षर बघून मला माझं सुधारावंसं वाटलं, लाल, जे मला वाचता आलं नाही. ‘चुकलं’ लिहायचं नाही. वाचता आलं नाही एवढंच, आणि कागदाच्या बाबतीत शेवटी तेवढंच महत्त्वाचं असतं. २४ तासांत गोल आले नाहीत तर फडणीस विचारणार.

सरासरी किती वेळ लागतो ते काढलं नाही. पण डोंबिवलीच्या ताईंच्या पानावर काल अकरा मिनिटांत हिरवा गोल आला. हे मी घड्याळ लावून बघितलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि आज दादरला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळे पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटले. शेवटचा कागद वाचून दाखवलेले २६. आज आलेले २४, एक जण कर्जतहून.

पहिली दहा मिनिटं फार अवघड गेली. साडेतीन महिने रोज सोबत बसलेली माणसं, आणि कुणी कुणाला ओळखेना. चेहरे कुणी बघितलेच नव्हते. सगळे भिंतीला धरून उभे, हातात चहाचे कप. मी नावांच्या चिठ्ठ्या आणायला विसरले होते.

मग चेंबूरच्या आजी खुर्चीवरून उठल्या, नर्स मुलीजवळ गेल्या, तिचा कप धरलेला हात बघितला आणि म्हणाल्या, “तू ती भाजल्याचा डाग असलेली. तुझा ज्ञ मोठा देखणा गं.” त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. लोक एकमेकांचे हात बघत फिरायला लागले. “निळ्या शाईचं बोट तुमचंच ना?” “हिरव्या बांगड्या, दुपारचा फड!” तिसऱ्या फडातल्या गृहस्थांची करंगळी वाकडी आहे, त्यांना चौघांनी ओळखलं. ते लाजले, हे मी डोळ्यांनी बघितलं. सर दारात उभे होते. एवढंच म्हणाले, “सगळे हात आले.”

चौदा जण गेले, त्यांच्याकडे लक्ष हवं. त्यातल्या नऊ जणांनी निघताना फडाला सांगितलं होतं, का ते. परीक्षा, बाळंतपण, बदली, आणि एकाने सरळ लिहिलं, ‘मोडी माझ्यासाठी नाही’. पाच न सांगता गेले. त्यातले तिघे एकाच फडातले होते, त्या फडात काय झालं ते शोधायचंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

तुकडी संपली, म्हणून २७ तारखेपासून मी गल्ली उघडणं बंद केलं. आज हिशेबाच्या कामासाठी भांडुपच्या वहिनींना रात्री पावणेदहाला फोन केला, तर त्यांनी कापला, आणि लिहून पाठवलं: ‘गल्लीत आहे, सव्वादहाला करते.’

कुठल्या गल्लीत, विचारलं. पुरात काढलेली लिंक त्यांनी तशीच चालू ठेवली होती. मला कुणी पाठवली नव्हती, कदाचित मी मंडळाची म्हणून. मागून घेतली. गेले तेव्हा अकरा हात होते. कुणी वर बघितलं नाही. फोन डब्यांवर ठेवला, पान घेतलं, शिरोरेघ ओढली. वाकडी आली.